हरणाबाई वर येईना

टँकर चौथ्या दिवशी यायचा, तो आठव्या दिवशी आला. आला तोही असा, की ड्रायव्हरनं आधी हॉर्न वाजवला, मग पाइप विहिरीत सोडला आणि केबिनमध्ये चढून मोबाइल बघत बसला.

जत तालुक्याच्या पार टोकाला, पलीकडच्या गावात कन्नड पाट्या सुरू होतात तिथं, ही धनगरांची पस्तीस उंबऱ्यांची वस्ती. विहिरीचं स्वतःचं पाणी माघातच संपलं होतं. आता टँकरनं चाळीस फूट खाली पाणी ओतायचं आणि बायकांनी तेच पाणी चाळीस फूट वर ओढायचं. वर टाकी का नाही, असं विचारलं की पंचायतीतून उत्तर यायचं, टाकी मंजूर आहे. मंजूर होऊन सहा वर्षं झाली होती.

हरणाबाई घागर घेऊन पोचली तेव्हा पाइपातनं अजून धार पडत होती, आणि तिचा नवरा सिद्धू काठावर वाकून बादली ओढत होता.

तिला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिले दोन तास माणसांचं पाणी, मग जनावरांचं, असा वस्तीचा नेम होता. तो मोडणाऱ्याला सगळी वस्ती तोंडावर शिव्या घालायची.

"आगं बघा, बघा!" मंगल ओरडली. तिची घागर रांगेत पहिली होती. "हितं पोरांच्या टाळूला जिबा चिकटल्यात आन् ह्येची मेंढरं म्होरं! हरणे, दाल्ल्याला दावं बांद तुज्या."

"दोन बादल्या घेतल्या गं," सिद्धू मान वर न करता म्हणाला. "कोकरं मराय लागल्यात."

"मरूंद्यात की. मानसं मेल्यावर ती काय तुला पाणी पाजणार हाईत?"

रांगेतल्या बायका हसल्या. सिद्धू दोन बादल्या घेऊन खाली मान घालून गेला. हरणाबाई रांगेच्या शेवटी उभी राहिली. मागच्या टँकरला याच मंगलनं तिची घागर पायानं सरकवली होती. घागरीला पोचा पडला होता आणि वर ही म्हणाली होती, चोराची घागर, वाजणारच. हरणाबाईनं तेव्हाही ऐकून घेतलं होतं. पाण्याच्या रांगेत भांडण काढलं की नंबर जातो.

दोन तासांत तिनं सहा घागरी वाहिल्या. वैशाखातलं ऊन. दोर ओढून तळहाताची सालं निघालेली, त्यावर घागरीचं पाणी सांडलं की चरचरायचं. सहावी खेप घेऊन ती दारात आली तेव्हा सिद्धू मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या कडेला उकिडवा बसला होता. त्याच्यासमोर दोन कोकरं आडवी पडली होती. एकाच्या तोंडातनं फेस येत होता आणि पाय नुसते झाडत होते. दुसरं पाय झाडायचंही थांबलं होतं.

"काय झालं वं?"

त्यानं पडलेल्या कोकराचा पाय उचलून बघितला.

"उन लागलं का?"

"बाटली," तो म्हणाला.

"कसली बाटली?"

"गोचिडाच्या औषदाची. पाणी आलं की मिसळून मारायचं म्हून बादलीतच ठिवली हुती. टँकरचा हारन ऐकला आन् तसाच पळालो. दोर बांदला, बादली सोडली." त्यानं तोंडावरनं हात फिरवला. "कोकरं लोळाय लागल्याव बगतो तर बाटली न्हाई."

हरणाबाईच्या डोक्यावर अजून घागर होती. ती तिनं उतरवली नाही.

"टोपण?"

"टोपण कवाच हारवलंय. चिंदीचा बोळा हुता."

"किती हुतं आत?"

"आर्दी. आर्द्याच्या वर."

आतनं भांड्याचा आवाज आला. हरणाबाईनं घागर तशीच सोडून दिली, ती दारात आदळून फुटल्यासारखी वाजली, आणि ती आत धावली. सून सोनम, सातव्या महिन्यातली, तांब्या तोंडाला लावत होती. हरणाबाईनं तो हातातनं हिसकला. पाणी सोनमच्या पोटावर सांडलं.

"आत्या! काय झालं?"

"पिलीस?"

"न्हाई. आत्ता वतलं."

"खरं सांग!"

"न्हाई वं, आत्या. बिरोबाची आण."

हरणाबाईनं घरातल्या साऱ्या घागरी, कळशी, रांजण, जे भरलं होतं ते उपडं केलं. आठ दिवसांनी मिळालेलं पाणी उंबऱ्यावरनं वाहत बाहेर गेलं. सिद्धू बाहेरनं ओरडला, "आगं सावकास! कुणी बगंल!"

ती बाहेर आली. "चला विहिरीव. सांगाय पायजे."

"कुणाला?"

"समद्यांला! पस्तीस घरात पाणी गेलंय."

सिद्धू उठला. त्याच्या कानशिलावरनं घाम गळत होता, डोळे बारीक झाले होते. पंचवीस वर्षं संसार करून हरणाबाईला त्याचा हा चेहरा ठाऊक होता. हा माणूस भ्याला की आधी रागावायचा.

"तोंड उगडलंस तर जीब हासडीन," तो म्हणाला. "आर्दी बाटली! टँकरभर पाण्यात आर्द्या बाटलीनं काय हुतंय? हत्तीच्या अंगाव मुंगी मुतल्यावानी हाय ते."

"मग सोनमला द्या की घोटभर."

तो वाडग्याकडं बघायला लागला.

"न्हाईतर तुमी प्या. ही घागर हाय, तळाला राह्यलंय थोडं."

त्यानं घागरीला लाथ मारली. ती घरंगळत वाडग्याच्या काट्यांत गेली. "साठ मेंढरं हाईत माजी," तो दात खाऊन म्हणाला. "माज्यानं विहीर नासली म्हणल्याव माज्या मेंढरांला विहीर बंद करत्याल. मागल्या साली आकारामची म्हस काठाव हागली तर म्हयनाभर त्येच्या जनावरांला पाणी न्हवतं. म्हस मेली त्येची. माजी मेंढरं चार दिस तगायची न्हाईत. तू घरात बस."

तो पुन्हा कोकरांजवळ उकिडवा बसला. हरणाबाई घरात बसली नाही.

ती निघाली ती अर्जुनाच्या, दिराच्या घरी. त्याची बायको चुलीपुढं होती, दोन्ही पोरं अंगणात. हरणाबाईनं तिला कोपऱ्यात ओढलं. "आजचं पाणी पिऊ नगंस. पोरांला दिऊ नगंस. का म्हून इचारू नगंस आन् कुणाला बोलू नगंस." जाऊ पांढरीफटक पडली आणि तिनं मान हलवली. हरणाबाई बाहेर पडली. आपली माणसं झाली, आता काय व्हायचं ते होवो, असं मनात आलं आणि छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं हलकं वाटलं.

घरी परत जायला तीन दारं ओलांडायची होती. पहिल्या दारात सुताराची बाळंतीण अंग धूत होती, आडोशाआडनं पाण्याचा आवाज येत होता. हरणाबाई थांबली नाही. दुसऱ्या दारात आकारामनं पाण्यानं पितळी भरून म्हातारीपुढं ठेवली होती. हरणाबाई थांबली नाही. पाय आपोआप भरभर पडत होते. तिसरं दार मंगलचं. ते दिसल्यावर हरणाबाईच्या मनात एक शब्द आला, स्पष्ट, कुणी कानात बोलल्यासारखा. पी. पी रांडे, पयली घागर तुजीच हुती न्हवं.

"हरणे," आतनं हाक आली.

मंगलची सासू, ऐंशीची म्हातारी, उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली होती. हातात काठोकाठ भरलेला तांब्या.

"उनाची कुटं हिंडतीस बाय? तोंड बग कसं झालंय. ये, घोटभर पाणी पे. आताच भरून दिलंय मंगलनं, अजून म्या बी तोंड लावलं न्हाई. तू पे आदी."

म्हातारीनं तांब्या पुढं केला. हात थरथरत होता, तरी तिनं एक थेंब सांडू दिला नाही.

हरणाबाईनं तो तांब्या घेतला. क्षणभर तिला वाटलं आपणच पिऊन टाकावं आणि सुटावं. मग तिनं तो अंगणात भिरकावला. मंगल आतनं आली ती वाघीण होऊनच.

"माजलीस व्हय गं? आठ दिसाचं पाणी!" तिनं हरणाबाईच्या केसांना हात घातला.

"मार," हरणाबाई म्हणाली. "मार, पर आदी घागरी उपड्या कर. विहिरीत इख पडलंय. मेंढराचं औषद. आमच्या हातनं पडलंय."

मंगलचा हात केसांत तसाच राहिला.

"कवा कळलं तुला?"

"अर्द्या तासापूर्वी."

"आन् कुटनं आलीस आत्ता?"

"अर्जुनाकडनं. तितं सांगून आली."

"म्हंजी माज्या दारावनं तशीच निगाली हुतीस?"

"व्हय," हरणाबाई म्हणाली. "तुज्याच न्हाई. तीन दारावनं."

मंगलनं तिच्या थोबाडीत दिली. हातात सगळा जीव आणून दिली. आणि मग हरणाबाईचा दंड धरून ती तिला ओढतच पहिल्या दाराकडं धावली, ओरडत, "पाणी पिऊ नगा! आगं ए, पाणी पिऊ नगा कुणी!"

अर्ध्या तासात वस्तीतली सगळी भांडी रस्त्यावर आली. बायका ती उपडी करत होत्या आणि रडत नव्हत्या, शिव्या देत होत्या. टँकरला, सरकारला, सिद्धूला, आभाळाला. ओल्या मातीच्या वासानं मेंढरं वेडी झाली. वाडगी मोडून ती रस्त्यावर आली आणि चिखल चाटायला बघू लागली. त्यांना हाकलायला पोरीबाळी काठ्या घेऊन उभ्या राहिल्या. तहानलेल्या मेंढराला ओल्या जमिनीवरनं काठीनं हाणायचं, हे काम त्या दिवशी वस्तीनं केलं. नशीब एवढंच, की उन्हाचं गरम पाणी गार व्हायला म्हणून बहुतेकांनी माठात ओतून ठेवलं होतं. ज्या दोघाचौघांनी घोट घेतला होता त्यांना उलट्या काढायला लावलं आणि मोटारसायकलवर घालून जतच्या दवाखान्यात पाठवलं.

बाप्ये मात्र बिरोबाच्या देवळापुढं जमले होते. सरपंच राजेश्वरी, पण खुर्चीवर बसला होता तिचा नवरा तानाजी. ती खांबाला टेकून उभी होती. पाण्याचं आता काय करायचं, हे कुणी बोलत नव्हतं. कुणी केलं, एवढंच चाललं होतं.

"बादली कुणाची?" तानाजीनं विचारलं.

"माज्या घरची," सिद्धू म्हणाला.

"सोडली कुणी?"

मंगल काठी घेऊन तशीच आली होती. "कुणी म्हंजी? आमी समद्यांनी बगितला की ह्येला!"

"म्या सोडली ती दुसरी बादली," सिद्धू म्हणाला. त्याचा आवाज एकदम सपाट झाला होता. "आदी हिनं सोडली हुती. टँकर लागला तवाच. बाटली त्या बादलीत हुती. हिला कळलं न्हाई, बाईमाणूस हाय."

हरणाबाईला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो तिच्या पायांकडं बघत होता.

"आवं," ती म्हणाली. एवढंच.

"भंडारा उचल," तानाजी म्हणाला.

पुजाऱ्यानं परात आणली. बिरोबाचा भंडारा खोटा उचलला तर वंश बुडतो, हे त्या वस्तीत रांगतं पोरही जाणतं. सिद्धूच्या घरात सातव्या महिन्याची सून होती. त्यानं दोन बोटांत हळद घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाला, "हिनंच सोडली."

मग सगळे हरणाबाईला म्हणाले, तू उचल. ती म्हणाली, "माजं खरं हाय, त्येला देव मदी कशाला पायजे? म्या दुसरं पाप केलंय ते सांगते. म्या आदी माज्या जावंला सांगितलं आन् तीन दारं टाळून निगाली हुती. ते माजं. त्येचा दंड घाला. बादलीचा न्हाई."

पण परातीला हात लावला नाही म्हणजे बाई खोटी, असं ठरलं. तानाजीनं निकाल दिला. जत्रेपर्यंत हरणाबाईनं विहिरीवर पाय ठेवायचा नाही. "हे वाळीत टाकणं न्हवं बरं का," तो पुन्हा पुन्हा सांगत होता, "कायद्यात बसत न्हाई ते. ही नुसती शिस्त हाय." मेंढरांबद्दल कुणी बोललं नाही. गुन्हा बाईचा, मेंढरं बाप्याची.

"टँकरचं काय?" राजेश्वरी खांबापासनं म्हणाली.

"अर्ज करावा लागंल. पंचनामा हुईल. परवा, तेरवा..."

राजेश्वरीनं त्याच्या हातातला मोबाइल घेतला आणि देवळामागं गेली. तिकडनं तिचा चढलेला आवाज येत राहिला. परत येऊन तिनं मोबाइल त्याच्या मांडीवर टाकला. "टँकर पाच वाजता येतुय. तवर विहीर धुऊन काढा म्हणाला सायब."

विहीर धुवायला कोण उतरणार? बाप्ये एकमेकांकडं बघायला लागले. आत औषध होतं.

"मी उतरते," हरणाबाई म्हणाली.

"तुला बंदी हाय विहिरीला," कुणीतरी म्हणालं.

"काठाला बंदी हाय. तळाचं कोण बोललं?"

कमरेला दोर बांधून तिला मंगलनंच सोडलं. दगडांच्या खोबणीत पाय रोवत ती खाली गेली. वर बायका ओळीनं उभ्या राहून बादल्या ओढू लागल्या. खाली गुडघाभर पाणी होतं, वर तेलाचा पातळ तवंग. औषधाच्या वासानं डोकं उठलं. नाकातोंडाला पदर बांधून ती बादल्या भरत राहिली. बाटली पायाला लागली तेव्हा तिनं ती बादलीत घालून वर पाठवली. वर कुणीतरी म्हणालं, "रिकामी हाय गं बाय." तिनं ऐकलं आणि पुढची बादली भरली. वासानं दोनदा ओकली. पाणी संपल्यावर खराट्यानं चिखल खरवडला, पाट्यांनी वर दिला. दगड राखेनं घासले. तळहाताला कातडं राहिलं नव्हतं.

चार वाजून गेल्यावर काठावर सावली पडली. सिद्धू वाकला होता.

"हरणे," तो हळू आवाजात म्हणाला. "आयक. राग धरू नगं. माज्याव आलं आसतं तर मेंढरं गेली आसती. साठ. तुज्याव आलं तर तू एकटी. दोन म्हयन्याचा परशन हाय. सोनम आणंल की पाणी."

"पोटुशी बाई चाळीस फुटावनं पाणी वडंल?"

"मग म्या काय करू? तूच सांग. डोस्कं चाललं न्हाई माजं. परात म्होरं आली आन् मला नुसती मेंढरं दिसाय लागली."

"मला बी डोस्कं हुतं," हरणाबाई खालनं म्हणाली. "माजं बी चाललं न्हाई. तीन दारं ओलांडली म्या. पर म्या ते सांगितलं. तुमी काय केलंसा? मेंढरांच्या जागी मला बांदली. आन् पोटातल्या लेकरावर भंडारा उचलला."

"हळू बोल."

"का?"

तो गेला. मंगल काठावर दोराचं टोक मांडीखाली घालून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "वड का गं तुला वर?" तिनं विचारलं. "टँकर येतुय."

"नगं."

"म्हंजी?"

हरणाबाई धुतलेल्या तळाच्या मधोमध मांडी घालून बसली. "मी वर येत न्हाई. येऊंदे टँकर. वतूंद्या माज्या डोस्क्याव."

टँकर पाचला आला. ड्रायव्हरनं पाइप ओढला, विहिरीत डोकावला आणि दोन पावलं मागं आला. "आत बाई बसल्याय राव!"

मग बाप्ये धावत आले. मघाशी देवळापुढं खाली बघत बसलेले सगळे. तानाजी काठावर गुडघे टेकून बसला. "वहिनी, हे काय आरंबलंय? पस्तीस घरं तान्हेली हाईत."

"मला बी ठाव हाय, भावजी. विहीर म्याच धुतली."

"मग वर या की."

"त्येनी खरं बोलूंद्या. मग येते."

"निकाल झालाय त्येचा!"

"मग सोडा पाणी."

ड्रायव्हर हातातल्या घड्याळाकडं बघत होता. "मला आजून एक खेप हाय. वतायचं का न्हाई ते सांगा, न्हाईतर ह्यो चाललो." मागं मेंढरं एकसारखी ओरडत होती, पोरं ओरडत होती. दुपारी ज्यांना खऱ्याची काडीची गरज नव्हती त्या सगळ्यांना आता खरं हवं झालं. आकारामनं सिद्धूला खांद्यानं ढकलून पुढं आणलं.

"बोल की रं सिद्ध्या!" तानाजी खेकसला. "गड्या, पाणी खोळंबलंय! बोलून टाक काय आसंल ते!"

सिद्धूच्या कपाळावरची हळद घामानं नाकापर्यंत ओघळली होती. तो विहिरीकडं तोंड करून काहीतरी पुटपुटला.

"मला कशाला सांगताय?" खालनं आवाज आला. "मला ठाव हाय. तकडं तोंड करा. मानसांकडं."

तो वळला. "म्याच सोडली बादली," तो म्हणाला. "तिनं न्हवं."

कुणीही चकित झालं नाही. कुणी "अरे" म्हटलं नाही, कुणी दुसऱ्याकडं बघितलं नाही. तानाजी गुडघ्यावरची माती झटकू लागला. पुजारी ड्रायव्हरला म्हणाला, चला, लावा पाइप.

ते खाली हरणाबाईला ऐकू गेलं. ती उठून उभी राहिली.

"थांबवा त्यो पाइप," ती ओरडली. विहिरीनं तिचा आवाज मोठा करून वर फेकला. "आगुदर मला सांगा! ह्या वस्तीत कुटली बाई मेंढरांला औषद मारती? कुणाच्या घरात औषदाची बाटली बाईच्या हातात आसती? सांगा की! औषद बाप्या मारतो, लोकर बाप्या कातरतो. आमी कवा हात लावलाय? तुमाला समद्यांला ठाव हुतं! त्यो परातीला हात लावाय लागला तवाच ठाव हुतं! एकाला बी त्येचा हात धरावा वाटला न्हाई?"

वर राजेश्वरी नवऱ्याकडं बघत होती आणि तो टँकरच्या नंबरप्लेटकडं.

"मेंढरांची काळजी हुती व्हय तुमाला," हरणाबाई म्हणाली, आता ओरडत नव्हती. "मग त्येच सांगायचं हुतं. मेंढरं प्यायला पायजेत, चुकी झाली, सिद्धूची झाली, मेंढरांला पाणी द्या. कुणी न्हाई म्हणलं आसतं? मंगल, तू म्हणली आसतीस?"

"शिव्या दिल्या आसत्या," मंगल म्हणाली. "पाणी दिलं आसतं."

मंगलनं दोराला हिसका दिला. मागं चार बायका लागल्या. हरणाबाई वर आली ती कमरेपर्यंत चिखलानं माखलेली, लुगडं अंगाला चिकटलेलं, ओठ फुटलेले. सिद्धूनं हात पुढं केला होता. तिनं काठाचा दगड धरला आणि स्वतःच्या गुडघ्यावर जोर देऊन बाहेर आली.

पाइप सुटला. पाणी खाली पडल्याचा आवाज आला तशा बायका रांगेकडं पळाल्या, आणि वस्ती पुन्हा भांडायला लागली, नंबरावरनं, घागरीवरनं.

"चल घरला," सिद्धू तिच्याशेजारी येऊन म्हणाला. "आंग धू. मी काढतो पाणी."

"कोकरं पुरली का?"

"न्हाई आजून."

"मग ते करा," ती म्हणाली. "खोल पुरा. कुतरी उकरत्याल." आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली, मंगलच्या मागं. गालावर अजून तिचीच पाच बोटं उठलेली होती.